ज्याच्या नावाची घरपट्टी

“मॅडम, पंधरा नंबरच्या बसमध्ये तुम्ही शेवटच्या कधी बसलात?”

माईकवर माझा आवाज एवढा मोठा येईल असं मला वाटलंच नव्हतं. तो हॉलभर फिरला, मागच्या भिंतीवर आपटला आणि परत माझ्याच कानात शिरला. स्टेजवर आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे मिटून घेतले.

मी तेव्हा नववीत होते. शाळेचा बक्षीस समारंभ, प्रमुख पाहुण्या आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका उज्ज्वला धुमाळ. ‘विद्यार्थ्यांनी पाहुण्यांशी संवाद साधावा’ असा कार्यक्रम होता आणि संवादाचे प्रश्न बाईंनी आदल्या दिवशीच वाटून दिले होते. माझ्या वाट्याला ‘आपल्या यशाचे रहस्य काय?’ हा आला होता. पण त्याच संध्याकाळी बसमध्ये सानिया मुल्ला म्हणाली, “ए ओवी, त्यापेक्षा खरा प्रश्न विचार ना. आपली बस बंद करायला निघालेत, त्याचं विचार.”

“ही कसली विचारते!” अंबी म्हणाली. “ही बसमध्ये वाघीण. स्टेजवर गेली की मांजर.”

“लाव पैज.”

“लावली. विचारलंस तर महिनाभर खिडकी तुझी.”

पंधरा नंबरच्या बसमध्ये काच उघडणारी खिडकी एकच होती. त्यासाठी मी काहीही केलं असतं.

तर, विचारलं. आणि धुमाळ मॅडमनी उत्तर द्यायला मान वर केली, तोंडही उघडलं, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून त्यांच्या यजमानांनी माईक ओढून घेतला. राजाभाऊ धुमाळ. निवडून आल्या होत्या मॅडम, कारण वॉर्ड महिलांसाठी राखीव होता. पण सगळं शहर नगरसेवक म्हणून भाऊंनाच ओळखायचं.

“बाळ,” भाऊ हसत म्हणाले, “मॅडमना बसची काय गरज? आम्ही आहोत की ड्रायव्हर!”

हॉल हसला. सरसुद्धा हसले. मला इतका राग आला की पैज-बिज विसरून गेले.

“भाऊ, मी मॅडमना विचारलंय.”

बाईंनी माझ्या हातातून माईक काढून घेतला. भाऊंचं हसू मात्र तसंच होतं, फक्त जरा ताणलेलं. “असे प्रश्न असतील तर रविवारी वॉर्डसभेला ये. वडलांना घेऊन ये.”

समारंभ संपल्यावर मी दाराशी माझी शिक्षा ऐकायला थांबले होते. पाहुणे निघाले. भाऊ पुढे, मोबाईलवर बोलत. मॅडम मागे, हातात शाल आणि नारळ. माझ्यापाशी आल्या आणि न थांबता, पण चाल मंद करून म्हणाल्या, “बी. कॉम. होईपर्यंत रोज. मागच्या दाराशी उभी राहायचे. माझं माहेर माळवाडीचं.”

माळवाडी म्हणजे पंधरा नंबरचा शेवटचा स्टॉप.

*

आता हे प्रकरण काय होतं ते सांगते. पालिकेच्या बसगाड्या तोट्यात होत्या. तोटा भरून काढायचा तर दोनच मार्ग, असं पालिकेनं सांगितलं: घरपट्टीसोबत थोडा परिवहन कर लावायचा, नाहीतर तोट्यातल्या बस बंद करायच्या. आणि बंद करायच्या बसमध्ये पहिली आमची. प्रत्येक वॉर्डानं सभा घेऊन सांगायचं होतं, कर हवा की नको.

आमची तुळशी कॉलनी शहराच्या टोकाला. नवी रो-हाऊसेस, प्रत्येकापुढे एक गाडी, दोन दुचाक्या. कॉलनीच्या पुढे खाणीची वस्ती, त्याच्यापुढे माळवाडी. अंबी वस्तीतली. अंबिका धोत्रे. तिचे वडील खाणीत दगड फोडायचे. वस्तीपासून कॉलनीपर्यंत रस्ता म्हणजे दिवसभर डंपर. मागच्या वर्षी त्या रस्त्यावर एक मुलगी डंपरखाली गेली. आठवीतली. तेव्हापासून अंबीचे वडील बसशिवाय तिला घराबाहेर पाठवत नव्हते, आणि बस बंद झाली तर शाळाही बंद, हे त्यांनी सांगून टाकलं होतं. ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात. म्हणून अंबी जास्त घाबरली होती.

आणि आमच्या कॉलनीत ‘परिवहन कर विरोधी कृती समिती’ निघाली होती. तिचे अध्यक्ष होते सतीश वाळिंबे. म्हणजे माझे बाबा.

समारंभाच्या दिवशी संध्याकाळी बाबा जेवणाच्या टेबलावर पत्रकं मोजत बसले होते. आई कणीक मळत होती. शाळेतला प्रकार घरी पोचला होताच.

“भाऊ हसत हसत सांगत होते मला,” बाबा म्हणाले. “पण माझी मान खाली गेली, ओवी. मी कराच्या विरोधात सभा घेतोय आणि माझी मुलगी स्टेजवरून बससाठी भांडतेय.”

“मी भांडले नाही. एक प्रश्न विचारला.”

“तुला काय करायचीय बस? जूनपासून तुला व्हॅन. मी बोललोय व्हॅनवाल्याशी. दारातून दारात.”

“आणि अंबी?”

“हे बघ,” बाबांनी पत्रकं बाजूला ठेवली. ते चिडले नव्हते, समजावून सांगत होते. विमा कंपनीत ते लोकांना दिवसभर समजावूनच सांगतात. “आपण रस्त्याचा कर भरतो, रस्ता बघ. पाण्याचा भरतो, पाणी दिवसाआड. आता बसचा भरा. बसमध्ये बसतं कोण? वस्ती. वस्ती घरपट्टी भरते का? तिथली घरंच कागदावर नाहीत. दुसरे कोण, तर कॉलनीतले भाडेकरू. तेही भरत नाहीत. म्हणजे बसायचं त्यांनी, भरायचं आपण.”

“आईपण बसते.”

आई रोज पंधरा नंबरनंच लॅबला जायची. लोकांचं रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये ती टेक्निशियन होती.

“तिला मी सोडीन की सकाळी.”

“आणि येताना?” आईनं विचारलं. पाठ आमच्याकडेच होती.

“येताना रिक्षा.”

आईनं कणकेवर जरा जास्तच तेल ओतलं, एवढंच. मला तेव्हा तिचाही राग आला. बोल ना, असं ओरडावंसं वाटलं. तुझीच बस आहे, तू बोल ना!

तेवढ्यात बाबांनी टपालातून पालिकेचं पाकीट काढलं आणि नेहमीचा विनोद केला. “घ्या, अनघाबाई. तुमचं प्रेमपत्र आलं.”

घरपट्टीचं बिल. दरवर्षी यायचं आणि दरवर्षी बाबा हेच म्हणायचे, कारण त्यावर नाव असायचं आईचं. आई हसायची. त्या दिवशीही हसली, पण पोळपाटाकडे बघून.

*

रविवारी सभा समाजमंदिरात होती. पुढे खुर्च्या, तिथे पुरुष. मागे सतरंजी, तिथे बायका. असं कुणी ठरवलं नव्हतं, असंच होतं. दाराबाहेर ओट्यावर वस्तीतले लोक उभे होते. अंबी तिच्या वडलांजवळ होती. मी तिला आत बोलावलं तर तिनं मान हलवली. “आत घेत नाहीत,” असं ओठांनीच म्हणाली. खरं तर कुणी अडवलं नव्हतं, पण कुणी ‘या’ म्हटलंही नव्हतं.

मी आईशेजारी सतरंजीवर बसले. टेबलामागे भाऊ आणि मॅडम. माईक भाऊंकडे.

पहिले उठले ते निवृत्त दातार काका. “मी गेली दहा वर्षं बसमध्ये पाय ठेवलेला नाही. मी का भरू?”

टाळ्या. मी सरळ उभी राहिले. आईनं ओढणी धरली, ती सोडवून घेतली.

“काका, तुमच्या घराला कधी आग लागली होती?”

“काय?”

“नाही ना? मग अग्निशामक बंबाचे पैसे परत मागितलेत का?”

मागच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं. दातार काका माझ्याकडे न बघता बाबांकडे बघून म्हणाले, “वाळिंबे, ही तुमची का?”

“ओवी, खाली बस,” बाबा म्हणाले.

“बसते. पण काका, तुमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मंगलमावशी पंधरा नंबरनं येतात. बस तुम्हीसुद्धा वापरता. फक्त तिकीट त्या काढतात.”

ओट्यावरून एक शिट्टी आली. अंबीच असणार. बाबांचे कान लाल झाले होते, आणि मला बरं वाटत होतं आणि वाईटही वाटत होतं, दोन्ही एकदम. मी खाली बसले.

मग बरंच झालं. एका भाडेकरू ताईंनी सांगितलं की घरमालक कर भाड्यात वाढवून घेणारच आहे, म्हणजे भरणार त्याच. कुणीतरी विचारलं की जमलेला कर बसलाच जाईल याची हमी काय. खरंच चांगला प्रश्न होता. भाऊंनी त्याचं उत्तर दिलं नाही. अंबीच्या वडलांनी ओट्यावरूनच हात वर केला, “साहेब, आमची घरं कागदावर घ्या, आम्ही बी भरतो पट्टी,” तर त्यावर भाऊ म्हणाले, “तो विषय आजचा नाही.” आजचा नाही! तो विषय कधीच आजचा नसायचा.

शेवटी भाऊ म्हणाले, “चला, हात वर करून मत घेऊ.”

आणि तेव्हा बाबा उठले. हॉलकडे एक नजर टाकली. भाडेकरू बरेच होते. ओट्यावर वस्ती होती. बाबा हुशार आहेत, त्यांनी मनात बेरीज केली असणार.

“माझी एक सूचना आहे,” ते म्हणाले. “प्रश्न घरपट्टीचा आहे. तेव्हा मत घरटी एक. आणि ज्याच्या नावानं घरपट्टीचं बिल येतं, त्यानंच हात वर करायचा. बाकी कुणी नाही. ज्याचा खिसा, त्याचा निर्णय.”

“एकदम बरोबर!” दातार काकांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली.

“सर्वांना मान्य?” भाऊंनी विचारलं.

“मान्य!” खुर्च्यांमधून आवाज आला. ती भाडेकरू ताई खाली मान घालून पिशवी आवरायला लागली. ओट्यावर अंबीच्या वडलांनी अंबीच्या खांद्यावर हात ठेवला. निघू या, असा. तो हात मला दिसला आणि माझ्या डोळ्यांपुढे लालच लाल झालं. किती सोपं होतं हे! एक वाक्य, आणि अर्धा हॉल पुसला गेला.

“कराच्या विरोधात कोण?” भाऊ म्हणाले.

खुर्च्यांवरचे हात वर गेले. ओळीनं. दातार काका, जोगळेकर, शेटे, बाबा. बाबांचा सगळ्यात उंच.

मी त्या हाताकडे बघत होते. आणि मला एकदम प्रेमपत्र आठवलं.

“बाबा,” मी उभी राहिले. “तुम्ही हात खाली घ्या.”

“ओवी, पुरे आता.”

“नाही, पण नियम तुमचाच आहे. आपलं बिल आईच्या नावानं येतं.”

मग बाबा हसले. “अगं, ते नावापुरतं असतं. भरतो मीच.”

“तुम्ही ‘भरतो त्यानं’ असं नाही म्हणालात. ‘ज्याच्या नावानं’ म्हणालात. सगळ्यांनी ‘मान्य’ म्हटलं.”

आणि मग मी बघितलं, की हात वर केलेल्या इतर माणसांचेही चेहरे विचित्र झालेत. कारण तुळशी कॉलनीतली घरं सगळ्यांनी साधारण एकाच सुमाराला घेतली होती, आणि बिल्डरच्या ऑफिसात सगळ्यांना एकच सल्ला मिळाला होता: घर मिसेसच्या नावावर करा, स्टॅम्प ड्यूटीत बायकांना सवलत आहे, कर्जाच्या व्याजातही थोडं कमी. सगळ्यांनी ऐकलं होतं. दारावरच्या पाट्यांवर श्री. आणि बिलांवर सौ.!

“शेटेकाका, तुमचंपण काकूंच्या नावावर आहे ना?” मी विचारलं. “वास्तुशांतीला तुम्हीच सांगत होता, किती वाचले ते.”

शेटेकाकांचा हात कोपरापर्यंत खाली आला आणि तिथेच अडकला.

भाऊंनी माईक तोंडाशी नेला. “बाळ, नावावर असणं वेगळं आणि कर्ता माणूस वेगळा. घरात ठरवणारा…”

“नियम झालाय.”

हा आवाज माझा नव्हता. धुमाळ मॅडम उभ्या राहिल्या होत्या. आमच्या वॉर्डात त्यांचा आवाज फारसा कुणी ऐकलेला नव्हता. जरा घोगरा आणि बऱ्यापैकी मोठा होता. त्यांना माईक लागलाच नाही.

“उज्ज्वला, मी बोलतोय,” भाऊ हळू म्हणाले, पण माईक चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांनाच ऐकू आलं.

“तुम्ही बोला. पण सभेची अध्यक्ष मी आहे. बिल माझ्या नावानं येतं म्हणा ना.” मग हॉलकडे वळून त्या म्हणाल्या, “वाळिंबे साहेबांनी सूचना मांडली, सभेनं मान्य केली. त्याप्रमाणे पुन्हा मत घेऊ. कराच्या विरोधात?”

खुर्च्यांवर चारदोन हात राहिले. दातार काकांचा होता. त्यांचं घर जुनं, त्यांच्याच नावावर. सतरंजीवरूनही हात वर गेले. आपल्याला वाटतं तसं सगळं गोड नसतं. जोगळेकर काकूंनी हात वर केला आणि मोठ्यानं म्हणाल्या, “मला नकोच बाई कर. मला कुणी सांगितलं म्हणून नाही.” शेटेकाकूंनी आधी काकांकडे बघितलं, मग हात वर केला.

बाबा मागे वळून आईकडे बघत होते. “अनघा,” ते म्हणाले. हुकूम नव्हता तो. आठवण करून दिल्यासारखं होतं, जसं ते ‘गॅस बंद केलास ना?’ विचारतात तसं. “अनघा, हात.”

आईनं हात मांडीवरच ठेवला.

“कराच्या बाजूनं?” मॅडम म्हणाल्या.

मी आईकडे बघितलं नाही. मुद्दाम समोर बघत राहिले. तिनं हात वर केला नसता तर मला ते बघायचं नव्हतं. पण अख्खा हॉल माझ्या शेजारी बघायला लागला, म्हणून मीही बघितलं. आईचा हात वर होता. त्यात पाण्याची बाटली होती, ती खाली ठेवायचीसुद्धा ती विसरली होती.

मग आमच्या मागच्या रांगेतला एक हात. मग कोपऱ्यातला. मग इतके, की खुर्च्यांवरच्या लोकांना माना वळवून वळवून बघावं लागलं. शेवटी शेटेकाकूंनी इकडेही हात वर केला. मॅडम म्हणाल्या, “ताई, तुमचा आधीच मोजलाय.” “मग तो खोडा,” शेटेकाकू म्हणाल्या.

कराच्या बाजूचे हात जास्त होते. नुसत्या नजरेला कळत होतं.

*

पुढे पालिकेच्या सभेत ते प्रकरण वर्षभर लोंबकळलं. मग कर लागला, मागितला होता त्याच्या निम्मा. आणि पंधरा नंबरही निम्म्या फेऱ्यांनी धावते. अंबी आता माझ्याबरोबर बारावीत आहे आणि खिडकी अजून माझीच आहे असं मी म्हणते, ती मानत नाही. पण त्या रविवारी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्या रविवारी आम्ही तिघं समाजमंदिरातून घरी आलो. बाबांनी कुलूप उघडलं, आणि दारावरच्या ‘श्री. सतीश वाळिंबे’ या पाटीखाली ते क्षणभर तसेच थांबले.

“चारचौघांत,” आत गेल्यावर ते म्हणाले. आईला म्हणाले. “मला घरी सांगायचं होतंस.”

“सांगितलं होतं,” आई म्हणाली. “‘येताना?’ असं विचारलं होतं.”

“तो एक प्रश्न होता, अनघा.”

“हो. तेवढाच विचारते मी. तुम्ही रिक्षा म्हणालात.”

बाबा खुर्चीत बसले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. “ठीक आहे,” ते म्हणाले. “पण ही नुसती शिफारस आहे. पालिकेत हरकत नोंदवता येते. घरमालकाच्या सहीनं.” आणि ते तिथेच थांबले, कारण सही कुणाची लागणार हे बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “मी करणार नाही,” ती म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. “झालं समाधान? तरी सांगतो, बस राहील याची खात्री नाही. तुझी व्हॅन ठरलीय. जूनपासून तू व्हॅननं जाणार आहेस. हे मी वडील म्हणून सांगतोय, अध्यक्ष म्हणून नाही.”

त्यांना खरंच माझी काळजी होती. तेच तर मला सहन होत नव्हतं. डंपर त्यांनाही माहीत होते. ती गेलेली मुलगीही माहीत होती. तिच्या बातमीचं पान घडी करून त्यांनीच आईला दाखवलं होतं. आणि त्यातून त्यांनी शोधलेला उपाय एवढाच होता की त्या रस्त्यावर ओवी नको.

“बाबा, मी व्हॅननं जाणार नाही,” मी म्हटलं.

“ओवी…”

“ऐका ना. आई, तूपण ऐक. मी ठरवलंय. बस आहे तोवर बसनं जाणार. आणि बस बंद झाली, तर सकाळी लवकर उठून आधी उलट्या दिशेनं जाणार, वस्तीपर्यंत. तिथून अंबीला घेणार आणि दोघी चालत शाळेत. रोज. तिचे वडील तिला एकटीला पाठवत नाहीत ना? मग मी असेन. तुम्हाला डंपरची भीती वाटत असेल तर तुम्हीपण या आमच्याबरोबर, नाहीतर बस ठेवा.”

“मी जाऊ देणार नाही.”

“घर आईच्या नावावर आहे, बाबा. गाडी तुमच्या नावावर,” मी म्हटलं. “पाय माझ्या नावावर आहेत.”